चार मिनिटांचा पीस आणि अकरा दिवसांची ऑर्डर: छोट्या वर्कशॉपमध्ये वेळ कुठे जातो ते कसं पकडायचं

नाशिकच्या अंबडला आमचं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (तसंच मिलिंग मशीन), एक जुना लेथ जो विकू विकू म्हणता म्हणता चार वर्षं झाली, आणि मला धरून अकरा माणसं. टाइम मॅनेजमेंट म्हटलं की मला वाटायचं हे ऑफिसवाल्यांचं काम, पहाटे पाचला उठा, डायरी लिहा वगैरे. आमच्याकडे वेळ म्हणजे सायकल टाइम, एक पीस निघायला लागणारा वेळ. पीस चार मिनिटांत निघतोय का साडेतीन मिनिटांत, त्याच्यासाठी फीड (टूल पुढे सरकायचा वेग) वाढवणार, भारीतला इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) लावणार, आणि अर्धा मिनिट वाचला की आम्ही खुश.

मग एका कस्टमरच्या परचेसवाल्याने फोनवर सरळ विचारलं, १०० बुश आहेत, चार मिनिटांचं काम आहे, तुम्ही अकरा दिवस करत काय होता? राग आला, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवल्यावर हिशोब केला. १०० पीस गुणिले ४ मिनिटं म्हणजे ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. एक शिफ्टसुद्धा पूर्ण नाही. मग बाकीचे दहा दिवस माल होता कुठे?

तर हे सगळं त्या प्रश्नाच्या मागे लागून झालंय, दीड वर्ष गेलं त्यात. तुमचं फॅब्रिकेशन असो, प्रिंटिंग असो, नाहीतर मसाल्याचं पॅकिंग, मशीन बदलेल पण प्रकार हाच असणार.

आधी एका ऑर्डरच्या मागे फिरा

सुरुवात अशी करा. नवीन सॉफ्टवेअर नको, काही नको. एक साधं जॉब कार्ड छापा, ते मालाच्या क्रेटला अडकवा, आणि त्याच्यावर तीनच कॉलम ठेवा: माल इथे कधी आला, काम कधी लागलं, आणि मधे उभा का राहिला. तिसरा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, बाकीचे दोन नाही भरले तरी चालतील एकवेळ. आठवडाभर सगळ्या ऑर्डरींना लावा.

एक सांगतो, पहिले तीन दिवस आमच्या पोरांनी "उभा का" मध्ये सगळीकडे "लंच" लिहून ठेवलं होतं. दहा वाजता पण लंच. त्यांना वाटलं मी कोण टाइमपास करतो ते शोधतोय. मग सगळ्यांना एकत्र बसवून चहा पाजला आणि स्पष्ट सांगितलं की यातून कोणाचा पगार कापायचा नाहीये, माल का थांबतो ते बघायचंय, माझं नाव लिहायचं असेल तर बिनधास्त लिहा. आणि मग जे कार्डावर यायला लागलं ना, ते वाचून मलाच घाम फुटला.

बार दोन दिवस बँड सॉच्या शेजारी पडून, कारण दुसऱ्या ऑर्डरचं कटिंग चालू होतं आणि ती ऑर्डर तशी पुढच्या आठवड्यातली होती. ड्रॉइंगमध्ये एका बोअरचा (भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, नीट दिसत नव्हता, तो मी कस्टमरला विचारणार होतो, मी सिन्नरला गेलेलो, ते दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं. फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला नमुना) काढून मशीन २ तास १० मिनिटं बंद, कारण फर्स्ट पीस पास मीच करायचो आणि मी बँकेत. बाहेर प्लेटिंगला (झिंकचा थर द्यायला) तीन दिवस. आणि कहर म्हणजे शनिवारी माल पॅक होऊन तयार, पण बिल बनवणारे अकाउंटंट सोमवारी आणि गुरुवारीच येतात आणि त्या सोमवारी ते आले नाहीत, म्हणून तयार माल गुरुवारपर्यंत दाराजवळ.

सगळी कार्डं घेऊन बसलो रविवारी. सगळ्यात जास्त वेळा एकच कारण लिहिलेलं, वेगवेगळ्या अक्षरात: "भाऊंना विचारायचंय".

म्हणजे शॉपमधलं सगळ्यात स्लो मशीन मी होतो.

मालकाचं टेबल रिकामं करा

बहुतेक लोक इथेच चुकतात असं मला वाटतं. माणसांचा वेळ मॅनेज करायला जातात, पंचिंग मशीन बसवतात, कॅमेरा लावतात, आणि स्वतःच्या टेबलावर तेरा गोष्टी अडकून पडलेल्या असतात. ऑपरेटर फास्ट झाला तर काय होणार, तो तुमच्या होकारासाठी अजून लवकर येऊन उभा राहणार एवढंच.

आम्ही असं केलं. आठवडाभर मला जे जे विचारायला आले ते एका वहीत लिहिलं, नुसती रेघ मारून. सहा दिवसांत ११४ रेघा. त्यातल्या फार तर वीसेक गोष्टींना खरंच माझी गरज होती. बाकी सगळं म्हणजे इन्सर्ट संपला आणू का, टेम्पो आता बोलवू का चारला, हा पीस ०.०१ ने जास्त आहे चालेल का.

मग नियम केले. २,००० रुपयांपर्यंतची टूल-इन्सर्टची खरेदी सेटर काकांनी (मशीनचं सेटिंग करतात ते) न विचारता करायची, बिल फक्त खिळ्याला अडकवायचं. पहिल्या महिन्यात माझा हात सारखा फोनकडे जायचा, हे लोक काय काय आणतील म्हणून. खरेदीचा खर्च काय विशेष वाढला नाही. फर्स्ट पीस पास करायचे अधिकार दोघांना दिले, पण त्याच्या आधी प्रत्येक चालू पार्टच्या ड्रॉइंगवर लाल पेनने क्रिटिकल डायमेन्शनला गोल केले आणि कशाने मोजायचं ते शेजारी लिहिलं, बोअर गेज का प्लग गेज का मायक्रोमीटर. हे न करता नुसते अधिकार देऊ नका, रिजेक्शन येईल आणि मग तुम्ही म्हणाल बघा, मी म्हणलं नव्हतं का. ड्रॉइंगची शंका ऑर्डर आली त्याच दिवशी विचारायची, माल मशीनवर चढल्यावर नाही. त्यासाठी रोज सकाळी साडेनऊ ते दहा मी फक्त नवीन ड्रॉइंग वाचतो, फोन आत ड्रॉवरमध्ये.

फोनचं पण सांगतो. कस्टमरचे दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे, "काय झालं आमच्या मालाचं". प्रत्येक फोनला मी उठून फ्लोअरवर जाणार, ज्याचं काम चालू आहे त्याला थांबवून विचारणार, परत येऊन सांगणार. आता रोज संध्याकाळी पाच वाजता आम्हीच सगळ्या चालू ऑर्डरचं स्टेटस व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, एक ओळ प्रत्येकी. उशीर होणार असेल तर तेही लिहितो. फोन निम्म्याहून कमी झाले, आणि गंमत म्हणजे उशीर आधी सांगितला तर लोक फारसे चिडत नाहीत, चिडतात ते विचारल्यावर कळलं तर.

एकाच वेळी किती ऑर्डर उघडून ठेवता?

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याला वाटतं ऑर्डर आली की लगेच काम सुरू केलं म्हणजे कस्टमर खुश. त्यामुळे आमच्याकडे एका वेळी चोवीस-पंचवीस ऑर्डर अर्ध्यामुर्ध्या. कुणाचं कटिंग झालंय, कुणाचं पहिलं ऑपरेशन झालंय, कुणाचं निम्मं डिबरिंग (कडांची धार काढणं) झालेलं क्रेटमध्ये पडलंय. पूर्ण होऊन बाहेर पडायच्या मात्र रोज चारच. जॉन लिटल म्हणून एक अमेरिकन प्रोफेसर होते, त्यांनी १९६१ मध्ये याचं गणित सिद्ध करून ठेवलंय आणि ते इतकं सोपं आहे की पाचवीतलं पोरगं करेल: आत असलेली कामं भागिले रोज संपणारी कामं म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी दिवस. २४ भागिले ४, म्हणजे ६ दिवस. माणसं तीच, मशीन तीच, पण आत १२ च ऑर्डर ठेवल्या तर १२ भागिले ४, ३ दिवस. कोणी जास्त पळालं नाही, कोणी ओव्हरटाइम केला नाही.

अर्थात बाहेर रांगेत थांबलेली ऑर्डर पण थांबलेलीच असते, कस्टमरच्या दृष्टीने. तो दिवस काही जादूने गायब होत नाही. पण फरक असा, की ती कागदावर थांबते, जमिनीवर नाही. बार कापलेला नाही, पैसे अडकलेले नाहीत, क्रेटमध्ये कुणाचा माल कुणात मिसळत नाही, आणि उद्या कस्टमर म्हणाला की डायमेन्शन बदललंय तर हसत हसत हो म्हणता येतं. शिवाय कमी कामं असली की अडकलेलं काम लगेच डोळ्यावर येतं.

करायचं कसं, तर भिंतीवर एक पांढरा बोर्ड आणि त्याच्यावर बारा खिळे. खिळ्याला कार्ड असेल तरच माल फ्लोअरवर येणार. खिळा रिकामा झाला की पुढचं कार्ड. तेरावा खिळा ठोकायचा मोह होतो, विशेषतः जुना कस्टमर समोर बसून चहा पीत असेल तेव्हा. आमच्याकडे दोनदा ठोकला गेला. दोन्ही वेळेला मीच ठोकला.

सेटिंगचा वेळ

टोयोटात १९६९ मध्ये १००० टनाच्या प्रेसची डाय (साचा) बदलायला चार तास लागायचे, ते शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं, ही गोष्ट मॅन्युफॅक्चरिंगवाल्यांनी कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये ऐकलेली असतेच. आपण टोयोटा नाही, तीन मिनिटं विसरा. पण त्यातली मूळ आयडिया फुकट आहे: मशीन चालू असताना जे करता येतं ते मशीन बंद असताना करू नका.

आमच्याकडे सेटर काका मशीन बंद करून मग जॉज (जॉब पकडणारे जबडे) शोधायला जायचे. मग अ‍ॅलन की. मग ड्रॉइंग, ते दुसऱ्या मशीनजवळ. मग प्रोग्रॅमचा पेनड्राइव्ह. एका मशीनचं सेटिंग १ तास ३० मिनिटं, त्यात खरं सेटिंग पन्नास मिनिटांचं, बाकी सगळी शोधाशोध. आता चालू जॉबचे शेवटचे वीसेक पीस उरले की पुढच्या जॉबची ट्रॉली मशीनशेजारी येऊन उभी राहते: सॉफ्ट जॉज नंबर टाकलेले, टूल होल्डरमध्ये इन्सर्ट लावलेले, गेज, ड्रॉइंग, कापलेला माल. मशीन थांबलं की फक्त जॉज बदला, ऑफसेट (टूलची मापं मशीनला देणं) घ्या, फर्स्ट पीस काढा. प्रत्येक सेटिंगमागे साधारण ४० मिनिटं वाचली. तीन मशीनवर दिवसाला दोन-दोन सेटिंग म्हणजे सहा, सहा गुणिले चाळीस, २४० मिनिटं. रोज चार तास, ते पण नवीन मशीन न घेता, ईएमआय नाही. ट्रॉली आमची भंगारातल्या अँगलची आहे.

मशीन पूर्ण भरू नका

हे कुठल्याच मालकाला पटत नाही, मला पण पटलं नव्हतं. मशीन उभं दिसलं की पोटात गोळा येतो. पण कामं अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा असेल तर रांगेचं गणित फार वंगाळ आहे. त्यातलं सगळ्यात साधं मॉडेल धरलं तर मशीन ८० टक्के भरलेलं असताना नवीन आलेल्या कामाला साधारण चार कामांच्या वेळेइतकं थांबावं लागतं, ९० टक्क्यांना नऊ, आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे शेवटचे पाच टक्के भरायच्या नादात थांबायचा वेळ डबल. नाशिकच्या द्वारका सर्कलला संध्याकाळी सहा वाजता जे होतं तेच, गाड्या थोड्याच वाढतात आणि सगळंच अडकतं.

म्हणून आम्ही प्लॅनिंग करताना दिवसातले ८५ टक्के तासच भरतो, उरलेलं मोकळं. रिकामं राहत नाही ते कधीच, काही ना काही येतंच, इन्सर्ट तुटतो, लाइट जाते, कोणाचा तरी अर्जंट एक पीस येतो. त्या अर्जंट एक-दोन पीससाठी आता तो जुना लेथ आहे. सीएनसीचं लागलेलं सेटिंग मोडायचं नाही, काका लेथवर काढून देतात. त्यामुळे तो विकायचा विषय बंद झालाय.

तारखा, आणि नाशिकची म्हणून वेगळी तारीखवही

कागदपत्राच्या तारखा एकदाच भिंतीवर लावून टाका आणि प्रत्येकीच्या चार दिवस आधी काम करायचा दिवस ठरवा. टीडीएस ७ तारखेला, महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) ११ तारखेला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) २० ला. यातली ११ तारीख नुसती सरकारची समजू नका. तुम्ही बिलं वेळेत अपलोड केली नाहीत तर १४ तारखेला तयार होणाऱ्या कस्टमरच्या जीएसटीआर-२बी मध्ये (त्याला मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटच्या यादीत) ती दिसत नाहीत, आणि मग त्याचा अकाउंटंट पेमेंट अडकवून ठेवतो. आमचं एक मोठं पेमेंट असंच महिनाभर लटकलं होतं, चूक आमचीच.

बिलाचं पण तेच. उद्यम रजिस्ट्रेशन असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. पण हे दिवस मोजले जातात कस्टमरने माल घेतल्यापासून. माल तयार होऊन तुमच्याच दारात पडला असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. आता बिल पॅकिंग झाल्यावर तासाभरात निघतं, डिस्पॅचच्या मुलालाच शिकवलं, अकाउंटंट नंतर तपासतात.

आता आपल्याकडचं वेगळं. आमची निम्मी माणसं दिंडोरी, निफाड साइडची, घरी द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, तेव्हा कितीही ओरडा, सुट्ट्या पडणारच. आधी आम्ही दरवर्षी आश्चर्यचकित व्हायचो, जसं काही बाग पहिल्यांदाच छाटतायत! आता फेब्रुवारीत आणि जुलैमध्ये प्रत्येकाला विचारून तारखा बोर्डावर घेतो, दोन ऑपरेटर एकाच आठवड्यात जाणार नाहीत एवढं बघतो, आणि त्या पंधरा दिवसांत नवीन डेव्हलपमेंटचं (आधी कधी न केलेल्या पार्टचं) काम घेत नाही. सिंहस्थाचं पण धरून ठेवा, २०१५ ला पर्वणीच्या आसपास टेम्पो वेळेवर फिरणं मुश्किल झालं होतं, २०२७ ला त्या दिवसांचा डिस्पॅच आदल्या आठवड्यात ढकलायचा असं आम्ही आत्ताच ठरवलंय.

जे फसलं

मोबाइल अ‍ॅप घेतलं, वर्षाचे पैसे भरले, ऑपरेटरचे हात कूलंटने ओले, स्क्रीन चालत नाही, तीन आठवड्यांत बंद. सकाळची अर्ध्या तासाची मीटिंग फसली, त्यात मी एकटाच बोलायचो. आता उभ्याने बोर्डासमोर दहा मिनिटं, आणि प्रश्न एकच, कुठलं कार्ड कालपासून हललं नाही. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं ब्रेक असलं पण मी स्वतःवर करून बघितलं, कोटेशन बनवताना बरं पडतं, शॉप फ्लोअरवर त्याचा काही उपयोग नाही.

प्लेटिंगचे तीन दिवस मात्र अजून तसेच आहेत. झिंक करून देणारा माणूस चांगला आहे, पण बॅरल भरेल एवढा माल जमल्याशिवाय तो लावत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही लावला नसता. सध्या मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरवून आमच्या शेजारच्या दोन शॉपचा माल एकत्र पाठवायचा प्रयत्न चाललाय, म्हणजे बॅरल पण भरेल आणि छोटा हत्तीचं भाडं पण तिघांत वाटलं जाईल. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा शेजाऱ्याचा माल तयार नव्हता. त्याला आता जॉब कार्डाचा एक गठ्ठा नेऊन दिलाय.